कॅश जुळेपर्यंत कोण थांबतं?

तुमच्यापैकी बरेच जण शाखाधिकारी आहात, म्हणून सुरुवातीलाच विचारतो. तुमच्या शाखेत नव्यानं लागलेल्या पोराची कॅश पहिल्यांदा जुळली नाही, त्या संध्याकाळी त्याच्याजवळ कोण थांबलं होतं?

माझ्याजवळ आमचे हेड कॅशियर थांबले होते. लेजरचा काळ. साडेचारशे रुपये कमी येत होते आणि मला घाम फुटलेला. त्यांनी काम माझ्या हातातून काढून घेतलं नाही. म्हणाले, "फरकाला नऊनं भाग जातो का बघ." जात होता. "मग कुठंतरी आकडे उलटे पडलेत. शोध, मी बसलोय." अर्ध्या तासानं सापडलं. स्लिपवर २७०, रजिस्टरात मी लिहिलेले ७२०.

नऊची ही युक्ती ट्रेनिंग सेंटरमध्येही शिकवतात. पण 'मी बसलोय' हे तिथं शिकवता येत नाही, आणि मी त्या बँकेत टिकलो तो त्या दोन शब्दांमुळे.

मेयर आणि अॅलन या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये नोकरीतल्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. माणूस मन लागलं म्हणून राहतो, सोडणं परवडत नाही म्हणून राहतो, किंवा राहिलं पाहिजे असं त्याला आतून वाटतं म्हणून राहतो. हजेरीपटावर तिघंही सारखेच दिसतात. काउंटरवर मात्र फरक ग्राहकालाही कळतो.

आता बाँडचं बघा. विजया बँकेनं तीन वर्षं सेवा नाहीतर दोन लाख रुपये अशी अट घातली होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. भरतीचा खर्च सरकारी बँकेनं किती वेळा सोसायचा, हा प्रश्न रास्तच आहे. पण बाँडमधून येते ती फक्त दुसऱ्या प्रकारची बांधिलकी. तीन वर्षं संपली की तीही संपते.

खासगी बँकांची अवस्था तर रिझर्व्ह बँकेनंच डिसेंबर २०२४ च्या अहवालात मांडली आहे. निवडक खासगी आणि स्मॉल फायनान्स बँकांत नोकरी सोडण्याचं सरासरी प्रमाण सुमारे २५ टक्के. म्हणजे चारातला एक. उपाय म्हणून पगारसवलतींच्या जोडीनं नव्या माणसाला नीट रुळवणं, प्रशिक्षण आणि मार्गदर्शक देणं हेही त्यात सुचवलंय.

ई-लर्निंगला मी नावं ठेवत नाही. केवायसीचा नियम बदलला तर हजारो माणसांपर्यंत एका दिवसात दुसरं काय पोचणार? पण मार्चअखेरीला 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत पुरे केलेले कोर्स आपण सगळ्यांनी पाहिलेत. काहींनी केलेतही, हसू नका.

सेंटरमधल्या वर्गाचा खरा फायदा मला विचाराल तर जेवणाच्या टेबलावर होतो. तिथं भेटलेल्या बॅचमेटला माणूस पंधरा वर्षांनीही फोन करून विचारतो, "अरे, हे प्रपोजल कसं बसवायचं?" याच्या अगदी उलट काम एक गोष्ट करते. कर्ज छाननीचं ट्रेनिंग घेऊन, उमेदीनं परतलेल्या पोरीला सोमवारी पुन्हा पासबुक छापायला बसवायचं. बँकेला आपली गरज नाही, हे तिला त्या दिवशी कळतं. त्यापेक्षा पाठवलं नसतं तर बरं.

तुम्ही म्हणाल, शाखेत माणसंच कमी, शेजारी बसून शिकवणार कोण? आक्षेप खरा आहे. माझी मागणी लहान आहे. पहिला महिना नव्याला एका जुन्या माणसाशेजारी बसवा आणि त्या जुन्या माणसाचं त्या महिन्याचं टार्गेट निम्मं धरा. टार्गेट निम्मं करणं शाखाधिकाऱ्याच्या हातात नसतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर मघापासून पहिल्या रांगेकडे बघून बोलतोय. झोनल ऑफिसचे साहेब तिथंच बसलेत.