स्कोपचं झाकण कुठल्या बाजूला उघडावं?

(बालेवाडी, सकाळ. रेंजवर ओळीने उभे नेमबाज.)

पुण्याला रायफल नवी नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा बालेवाडीच्या संकुलाने पाहिल्या. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वप्निल कुसाळेनंही इथेच सराव केला. पण या रायफलींवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, शोधू नका. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगीच नाही. नेम धरायचा तो डायॉप्टरच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या चकतीच्या, बारीकशा छिद्रातून.

(मुळशीकडचं एक शेत. बांधाला टेकवलेलं कागदी टार्गेट.)

स्कोप भेटतो तो इथे. ४.५ मिलिमीटरची एअर रायफल, समोर कागद, आणि सुट्टीचा अख्खा दिवस. कागदच, कारण शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केव्हाच संपवला आहे. धूळ, चिखल, घामाची बोटं आणि पाऊस यांपासून स्कोपची भिंगं वाचवायला दोन्ही टोकांना फ्लिप कव्हर बसवतात. बटण दाबलं की स्प्रिंगवर टक्कन उघडणारी झाकणं. ती कुठल्या बाजूला उघडावीत, हा प्रश्न बहुतेक जण कव्हर ठोकून बसवल्यावर विचारतात.

सुरुवात मापापासून. स्कोपवर ४० लिहिलेलं असतं ते भिंगाचं माप. कव्हर बसतं बाहेरच्या कडेवर, आणि ती ४७-४८ मिलिमीटरच्या घरात जाते. बोहरी आळीत साधा व्हर्निअर कॅलिपर मिळतो. त्याने मोजा आणि मगच कव्हर मागवा.

रायफल रिकामी आहे याची खात्री करा. डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. घाई असली तरी हे टाळू नका.

आता मागचं, डोळ्याजवळचं झाकण. सगळी गुंतागुंत इथे आहे. उजव्या हाताने बोल्ट (छर्रा भरताना मागे-पुढे करायचा दांडा) ओढणाऱ्याचं झाकण उजवीकडे उघडत असेल, तर दर वेळी बोटं त्यावर आपटणार. खाली उघडलं तर ते बोल्टच्या किंवा छर्रा भरायच्या जागेवर लोंबतं. उरल्या दोन दिशा: डावी आणि वरची.

(मांडी घालून बसलेली मुलगी, शेजारी काका.)

"काका, वरच उघडू दे की. सरळ दिसतं."

"आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धर, बाळा. मग सांग."

काकांच्या बोलण्यात मुद्दा आहे. एक डोळा मिटणाऱ्याला डावीकडचं झाकण अजिबात जाणवत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवणाऱ्याच्या डाव्या डोळ्यासमोर मात्र तेच झाकण भिंतीसारखं उभं राहतं. अशा नेमबाजाला वर उघडणारं झाकण सोयीचं. त्याचाही त्रास आहे: स्कोपवरून नुसत्या डोळ्यांनी टार्गेट शोधताना ते मध्ये येतं, आणि पूर्ण मागे पडणारं असेल तर वरच्या टरेटला, म्हणजे नेम जुळवायच्या गोल बटणाला, अडतं. माझं मत विचाराल, तर घड्याळाच्या १० वाजताची जागा बहुतेकांना मानवते. बोल्टही मोकळा राहतो आणि समोरचंही फार झाकलं जात नाही. डावखुऱ्यांनी, बोल्टही डावीकडे असेल तर, हेच उलटं करायचं. म्हणजे २ वाजता.

आणि आता ती गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. कित्येक स्कोपमध्ये झूमची रिंग फिरवली की मागचा अख्खा भाग तिच्याबरोबर फिरतो. ४ पटीवर डावीकडे नीट बसवलेलं झाकण ९ पटीवर पोचेपर्यंत थेट खाली किंवा वर गेलेलं असतं. डोळ्याच्या फोकसची रिंगही काही स्कोपमध्ये अशीच फिरते. म्हणून क्रम महत्त्वाचा. स्कोप डोळ्यापासून योग्य अंतरावर घट्ट करा. साधारण ८ ते ९ सेंटिमीटर. मग क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, स्वच्छ दिसेपर्यंत फोकस जुळवा. ज्या झूमवर तुम्ही सगळ्यात जास्त नेम धरता तिथे रिंग आणा. कव्हर हे सगळं झाल्यावर, आणि तेही आधी अर्धवटच दाबा.

मग नेहमीच्या पवित्र्यात बसा किंवा पालथे पडा. रायफल खांद्याला लावा, बोल्ट पुढे-मागे करा, झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. हात, भुवई, टरेट यांपैकी काहीही झाकणाला लागलं, तर कव्हर थोडं फिरवून पुन्हा बघा. समाधान झालं की पूर्ण दाबा आणि कव्हरच्या कडेवर आणि स्कोपवर समोरासमोर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. पुढे कव्हर कधी सरकलं, तर लगेच कळतं. रबर फारच घट्ट असेल तर कडेला थोडं साबणपाणी चालेल, पण भिंगाला लागू देऊ नका. तेल मात्र नको. तेलाने कव्हर कायम घसरत राहतं.

पुढच्या झाकणाचं काम सोपं. वर किंवा डावीकडे, दोन्ही चालतं. मी डावीकडे सुचवेन, कारण स्प्रिंग थकली की वर उघडलेलं झाकण धक्क्याने खाली पडतं, आणि स्प्रिंग-पिस्टनच्या एअर रायफलचा धक्का पुढे-मागे असा दोन्हीकडे बसतो. पॅरलॅक्सची रिंग (टार्गेटच्या अंतराप्रमाणे जुळवायची) पुढच्या भिंगापाशी असेल, तर तिच्याबरोबर हेही झाकण फिरणार. त्यामुळे आपल्या नेहमीच्या अंतरावर रिंग ठेवूनच कव्हर बसवा.

(पाऊस. शेडच्या पत्र्यावरून ओघळणारं पाणी.)

जून ते सप्टेंबर इकडची हवा ओलीच असते. भिजलेल्या भिंगावर झाकण बंद करून रायफल पेटीत ठेवली, तर ओल आतच कोंडते आणि भिंगाच्या लेपावर बुरशी धरते. घरी आल्यावर दोन्ही झाकणं उघडी टाका, बाहेरचं पाणी मऊ कापडाने टिपा, पंख्याखाली वाळू द्या. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि झाकणं पूर्ण कोरड्या भिंगावरच लावा.