किल्ली काढल्यावर काय?

गाडीत किती व्होल्ट असतात? बोला, बोला. बारा. सगळे बारा म्हणतायत, फक्त मागचे ते काका चौदा म्हणाले, त्यांनी बहुतेक खाली गाडी चालूच ठेवलीय. (हशा) पण काका बरोबर आहेत आणि बाकीचे पण थोडे थोडे बरोबर आहेत. बॅटरीत सहा सेल, एकेकाचे २.१ व्होल्ट, म्हणजे गाडी गप्प उभी असताना १२.६. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा जनरेटर, ते १३.८ ते १४.४ वर नेऊन ठेवतो. आणि तुम्ही स्टार्टर मारता त्या क्षणी हेच ८-९ वर येतं, बॅटरी म्हातारी असेल तर आणखी खाली. आणि चालू गाडीत बॅटरीची क्लिप ढिली होऊन सुटली तर अल्टरनेटर पाव-अर्धा सेकंद का होईना पण पन्नास, साठ, वाईटात वाईट शंभरच्या आसपास उसळी मारतो. त्याला लोड डंप म्हणतात. असं हे आपलं बारा व्होल्ट!

आणि दुसऱ्या बाजूला आपला रास्पबेरी पाय, एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर. याला हवेत पाच व्होल्ट, तेही नीट पाच. ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि साहेब काम मंद करतात. म्हणजे एकीकडे एकत्र कुटुंब, सगळा गोंधळ, भांडणं, आणि त्यात पुण्याहून आलेली ही नाजूक सून. पुणेकरांनी रागावू नये, मी पण इथलाच आहे.

तर विषय छापलाय 'गाडीच्या विजेवर छोटा कॉम्प्युटर'. पण मला खरं तर एकच गोष्ट सांगायचीय, गेली सहा वर्षं भेटेल त्याला सांगतोय, बायकोने ऐकणं सोडलंय म्हणून तुमच्याकडे आलो. वीज द्यायचं काय एवढं, ते कुणालाही जमतं. ती काढून कशी घ्यायची तिथे खरी गोची आहे.

आधी केबलचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझा घसा मोकळा होत नाही. मी पहिल्यांदा काय केलं, तपकीर गल्लीत गेलो, सिगारेट लायटरच्या सॉकेटात बसणारा चार्जर घेतला, वर लिहिलेलं २.१ अँपिअर. पाय ३ लावला, पिवळी वीज. चार्जर बदलला, पिवळी वीज. तीन चार्जर झाले हो! दुकानदार मला नावाने हाक मारायला लागला. मग एक दिवस मीटर लावून बघितलं तर चार्जरच्या तोंडाशी बरोबर ५ आणि पायच्या तोंडाशी ४.५५. मधलं कुणी खाल्लं? केबलनं. त्या मीटरभर केबलमध्ये तांब्याची तार केसासारखी, २८ गेज, जायची-यायची मिळून जवळजवळ ०.४३ ओहम. एक अँपिअर ओढला की ०.४३ व्होल्ट तिथेच गेले. म्हणजे चार्जर निर्दोष, मी तीन निरपराध चार्जरना शिव्या दिल्या. केबल आखूड घ्या, जाड घ्या, नाहीतर सरळ बक कन्व्हर्टर, म्हणजे बाराचे पाच करणारं मॉड्यूल, पायच्या शेजारी बसवा आणि बारा व्होल्टच तिथपर्यंत न्या. ७८०५, तो जुना तीन पायांचा रेग्युलेटर, लावू नका. चौदातून पाच करताना नऊ व्होल्ट तो नुसता तापून घालवतो, एका अँपिअरला नऊ वॅट, त्यावर पापड भाजून होईल.

हां, तर ते जमलं. पाय चालायला लागला. काम काय, तर जीपीएस नोंदवायचं आणि मायलेज काढायचं, कारण मेव्हण्याशी पैज लागली होती, ती अजून लागलेलीच आहे. पण दर आठ-दहा दिवसांनी एसडी कार्ड मरायचं. का? कारण लायटरचं सॉकेट असतं एसीसीवर, म्हणजे किल्लीने चालू-बंद होणाऱ्या लाईनवर. किल्ली पहिल्या खटक्यावर आणली, सॉकेट चालू, पाय उठायला लागला. किल्ली पुढे फिरवून स्टार्टर मारला की बऱ्याच गाड्या एसीसी तेवढा वेळ तोडतात, सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून. पाय धाडकन बंद. इंजिन लागलं, परत चालू. म्हणजे रोज सकाळी त्याला उठवायचं, थोबाडीत मारायची आणि परत उठवायचं. आणि संध्याकाळी किल्ली काढली की लिहिता लिहिता पाटी हिसकावून घ्यायची. कार्ड किती दिवस टिकणार?

मग मी हुशारी केली. म्हटलं, एसीसी नकोच, कायम चालू असणारी लाईन घेऊ, थेट बॅटरीची. फ्यूज टाकला, वायर ओढली, पाय चोवीस तास चालू, कार्ड मरायचं बंद. महिनाभर मी कॉलर ताठ करून फिरत होतो. गाडी रोज चालायची ना, काही कळलंच नाही.

आणि आले गणपती. सासुरवाडी कुडाळच्या पुढे. अकरा तासांत पोचलो, गाडी वाडीत फणसाखाली लावली आणि चार दिवस विसरलो. आरत्या, उकडीचे, भजन, रात्री पत्ते. पाचव्या दिवशी सकाळी सामान भरलं, दोन नारळाची पोती, सासूबाईंनी दिलेली कुळथाची पिठी, सगळे निरोप द्यायला अंगणात, किल्ली फिरवली आणि... टिक. एकच टिक. डॅशबोर्डवरचे दिवे पण लागेनात. आता हिशोब बघा, हा मी तिथेच पडवीत बसून केला. पाय, जीपीएस, फोर-जीचं डोंगल मिळून साधारण चार वॅट. कन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीतून ०.३८ अँपिअर. शहाण्णव तास. गुणा. साडेछत्तीस अँपिअर-तास. आणि माझी बॅटरी? पस्तीसची. एक थेंब शिल्लक ठेवला नाही पठ्ठ्याने.

मेव्हणा काही बोलला नाही, नुसता हसला, ते जास्त लागलं.

खाली रस्त्यावर एक ट्रक सिमेंट उतरवत होता. ड्रायव्हर केबल घेऊन आला आणि मी इंजिनिअर, मी एकदम आडवा पडलो, म्हटलं नको नको, तुमची चोवीस व्होल्टची सिस्टीम, माझ्या गाडीतलं सगळं जाळून टाकाल. तो शांतपणे म्हणाला, "घाबरू नकात. दोन बॅटरी आसत, एकावरसून देतंय." बरोबर होतं हो. बारा-बाराच्या दोन, एकापुढे एक जोडलेल्या. त्यातल्या बॉडीला अर्थिंग असलेल्या एकीवरून केबल लावली, पाच मिनिटं थांबलो, गाडी लागली. मग वाकून त्याने सीटखाली लुकलुकणारा दिवा बघितला आणि विचारलं, "ह्या काय?" मी म्हटलं कॉम्प्युटर. तो म्हणाला, "मगे तो बंद करूक नको?"

बंद करूक नको? म्हणजे, बंद करायला नको का? सहा वर्षं हे वाक्य डोक्यात आहे.

आणि उत्तर कुठे होतं, तर आमच्या शेतात. वडिलांच्या विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर. हिरवं बटण दाबायचं, कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर ओढला जाणारा मोठा स्विच, खाडकन आत, बोट काढलं तरी तो आतच, कारण स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टवरून तो स्वतःला धरून ठेवतो. लाईट गेली की पडतो, आणि लाईट आली तरी आपोआप उठत नाही, म्हणून तर रात्री दोनला आम्हाला टॉर्च घेऊन विहिरीवर पळवायचे. ती आतली पातळ तेलकट पत्री पेटी, त्यात एक पाल कायम मेलेली...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पाल राहू दे.

पटकन सांगतो. दोन वायरी घ्यायच्या. एक कायमची, जर्मन खुणांमध्ये ३० नंबर, तिच्यावर तीन अँपिअरचा फ्यूज फ्यूजबॉक्सलाच, लगेच, नंतर नाही. दुसरी इग्निशनची, म्हणजे किल्ली 'ऑन'वर आली की चालू होणारी, १५ नंबर, जी स्टार्टर मारताना तुटत नाही. मधे छोटा रिले, कॉन्टॅक्टरचाच धाकटा भाऊ. इग्निशन आलं की डायोडमधून रिलेची कॉइल चालू, रिलेतून कायमची वीज बकला, बकमधून ५.१ पायला. पाय उठला की पहिलं काम, एक जीपीआयओ, म्हणजे पायची प्रोग्रामने चालू-बंद करता येणारी पिन, वर करून ट्रान्झिस्टरने तीच कॉइल स्वतः धरायची. झाला विहिरीवरचा स्टार्टर! किल्ली काढलेली कळायला पीसी८१७ ऑप्टोकपलर, तो वायर न जोडता उजेडातून निरोप देतो, बारा व्होल्ट थेट जीपीआयओला लावू नका, ती पिन ३.३ ची आहे, माझा एक पाय तसाच वारला. किल्ली गेली की दोन मिनिटं थांबायचं, पेट्रोल भरायला गाडी जरा बंद केली असेल तर म्हणून, मग शटडाऊन. शटडाऊन पूर्ण झाल्यावर जीपीआयओ-पॉवरऑफ ओव्हरले (पायच्या सेटिंगमधली तयार सोय), ॲक्टिव्ह लो करून, ती पिन खाली टाकतो, रिले पडतो, बॅटरीतून शून्य. इनपुटला टीव्हीएस डायोड, म्हणजे व्होल्टची उसळी गिळणारा, टाका, माझ्या बक मॉड्यूलवरचा कपॅसिटर ३५ व्होल्टचाच होता, लोड डंप आला असता तर फुटलाच असता.

काय म्हणालात ताई? पाय हँग झाला तर? हो, मग रिले धरूनच राहणार आणि परत फणसाखाली टिक. म्हणून १२ व्होल्टच्या खाली गेलं की तोडणारा वेगळा कटऑफ, पायला न विचारता. स्टार्टर मारताना तोच आधी पडेल, म्हणून त्याला अर्ध्या मिनिटाचा उशीर द्या. आणि पॉवर बँक का नको, हे कुणीतरी विचारणारच होतं: मे महिन्यात नागपुरात बंद गाडीत लिथियमची बॅटरी ठेवून बघा, म्हणजे नका ठेवू.

दुसरी चिठ्ठी आली. बोर्ड मागच्या टेबलावर ठेवलाय, वड्यांच्या शेजारी, तेलकट हात लावू नका. किल्लीच्या जागी साधा स्विच आहे. बंद करून बघा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेल, मग रिले पडल्याचा 'टक' येईल. तोपर्यंत प्लग कुणी काढायचा नाही. काका, तुम्ही आधी खाली जाऊन गाडी बंद करून या.