स्नायूंचा दाह: आधी ओळख, मग औषध

नमस्कार, श्रोतेहो. ‘अंगात ताकद नाही’ ही तक्रार डॉक्टरांच्या कानावर रोज पडते, आणि बहुतेक वेळा तिच्या मागे रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड किंवा साधा थकवा निघतो. आज ज्या आजारांविषयी मी बोलणार आहे, त्यांतील अशक्तपणा निराळा असतो. रुग्णाला मरगळ असतेच असे नाही, कित्येकदा वेदनाही नसते. पण हातांचा आधार घेतल्याशिवाय त्याला खुर्चीतून उठता येत नाही, कठडा धरल्याशिवाय जिना चढता येत नाही आणि केस विंचरताना हात वर टिकत नाहीत. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटल्यामुळे खांदे, कंबर आणि मांड्यांचे स्नायू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुबळे होत जातात. या आजारांना मायोसायटिस म्हणतात.

हे आजार दुर्मीळ असल्यामुळे रुग्ण आधी भलत्याच वाटेने जातो. एक घोटाळा तर नेहमीचा आहे. रक्ततपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताचे मानले जाणारे घटक वाढलेले दिसतात, ‘यकृताला सूज आहे’ असा निष्कर्ष निघतो आणि महिनोन्‌महिने यकृताची औषधे चालू राहतात. वास्तविक हे दोन्ही घटक स्नायूंतही असतात आणि स्नायूपेशी फुटल्या की ते रक्तात उतरतात. अशा वेळी सीपीके, म्हणजे स्नायूंतून रक्तात उतरणारा आणखी एक घटक मोजण्याची साधी तपासणी केली, तर बहुधा उलगडा होतो. मात्र हा आकडा जोरदार व्यायामानंतरही वाढतो आणि काही रुग्णांत आजार असूनही तो सामान्य असतो, म्हणून केवळ त्याच्यावर निदान उभे करता येत नाही.

त्वचा पुष्कळ काही सांगते. पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या पेरांवर लालसर, खवलेदार उंचवटे दिसले, तर ते डर्मॅटोमायोसायटिसचे, म्हणजे त्वचा आणि स्नायू दोन्हींना ग्रासणाऱ्या प्रकाराचे, लक्षण असते. प्रौढ वयात हा प्रकार आढळला, तर शरीरात कोठे कर्करोग दडलेला नाही ना, हे तपासावे लागते. विशेषतः निदानाच्या आगेमागे सुमारे 3 वर्षांच्या काळात हा धोका अधिक असतो. लहान मुलांत मात्र असा संबंध सहसा आढळत नाही. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांवरूनही आजाराचा स्वभाव कळतो. जो-वन प्रतिपिंडे असतील तर फुप्फुसांकडे लक्ष द्यावे लागते. एमडीए-5 असतील तर अधिकच, कारण तेथे स्नायू फारसे दुबळे नसतानाही फुप्फुसांचा दाह झपाट्याने वाढू शकतो.

बायॉप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी स्नायूचा तुकडा काढण्याचे, नाव काढले की रुग्ण बिचकतात, पण हे काम छोटे असते. त्यात खरे कसब जागा निवडण्याचे असते. तुकडा घ्यायचा तो आजारी स्नायूचा, पण पार झडून गेलेल्या स्नायूचा नव्हे. म्हणून आधी एमआरआय केल्यास मदत होते. इएमजीची, म्हणजे स्नायूतील विद्युत् हालचाल मोजणाऱ्या तपासणीची, सुई जेथे टोचली, तेथील तुकडा घेत नाहीत, कारण सुईने झालेली इजा दाहासारखी भासते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उपचार बहुधा स्टेरॉइडने सुरू होतात. जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन ही रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे देतात आणि गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिन अथवा रिटक्सिमॅब. परंतु पन्नाशीनंतर येणाऱ्या इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसमध्ये, जेथे मांडीबरोबर बोटांची पकडही जाते आणि गुंडी लावणे अवघड होते, स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. दुष्परिणाम मात्र पदरात पडतात. निदानापूर्वीच स्टेरॉइड सुरू करण्याची घाई मला म्हणूनच खटकते. अर्थात गिळणे किंवा श्वास धोक्यात असेल, तर तपासण्यांसाठी थांबणे परवडत नाही.

उपचार चालू असताना अशक्तपणा पुन्हा वाढला, तर तो आजाराचा की औषधाचा, हा पेच पडतो, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइडही स्नायू झिजवते. सीपीके सामान्य असूनही मांड्यांची ताकद कमी होत असेल, तर संशय औषधावर जातो आणि मात्रा वाढवण्याऐवजी ती उतरवावी लागते. पण तो निर्णय डॉक्टरांचा. स्टेरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. पूर्वी अशा रुग्णांना पडून राहण्यास सांगत असत. आता फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली बेताचा व्यायाम लवकर सुरू करतात. घास अडकू लागला, पाणी नाकावाटे परत येऊ लागले किंवा आडवे पडल्यावर दम लागू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नमस्कार.