सरफेसीचं अपील: आधी पैसे, मग सुनावणी

[दृश्य: फ्लॅटच्या दारावर चिकटवलेली ताबा नोटीस]

नोटीस म्हणते, बँकेने ताबा घेतला. घरात माणसं तर राहतायत! हा सांकेतिक, म्हणजे फक्त कागदावरचा ताबा. तरी मुदत सुरू झाली: सरफेसी, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेला कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा. त्याच्या कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, जायला 45 दिवस. सामान रस्त्यावर येईपर्यंत थांबायचं कारण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. दिवाणी कोर्टात मात्र जाऊ नका. कलम 34 ने ती वाट बंद केली आहे.

[दृश्य: नोटिसा, पोस्टाच्या पोचपावत्या, वर्तमानपत्राची कात्रणं]

‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्याने डीआरटी हलत नाही. तारखा दाखवाव्या लागतात. थकबाकी भरा म्हणणारी, 60 दिवसांची कलम 13(2) ची नोटीस कधी मिळाली? तुमच्या हरकतीला बँकेने 15 दिवसांत उत्तर दिलं का? ताबा नोटीस सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक मराठी, छापून आली का? शेतजमिनीवर सरफेसी चालत नाही, पण नुसता सातबारा पुरत नाही. गोव्यातल्या ब्लू कोस्ट हॉटेल्स या कर्जदार कंपनीचा ‘जमीन शेतीची आहे’ हाच मुद्दा टिकला नाही.

अर्ज दाखल झाला म्हणून लिलाव थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

[दृश्य: कॅल्क्युलेटर, बँकेचं थकबाकीचं पत्रक]

डीआरटीत हरलात, तर 30 दिवसांत मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणात. खरी गोम इथे आहे. कर्जदाराला आधी थकबाकीच्या 50 टक्के भरावे लागतात. बँकेचा आकडा किंवा डीआरटीने ठरवलेला, यातला जो कमी असेल त्यावर. थकबाकी 40 लाख, तर 20 लाख. कारणं पटली तर 25 टक्के, म्हणजे 10 लाख. त्याखाली कोणी आणू शकत नाही. संपूर्ण माफीचं आश्वासन देणाऱ्या वकिलाला कलम 18 वाचायला द्या.

त्यापुढे उच्च न्यायालय. अपिलाची पायरी गाळून उच्च न्यायालयात थेट रिट याचिका केली, तर बहुतेकदा परत पाठवतात.

[दृश्य: लिलावाची जाहिरात]

बाफना मोटर्स या कर्जदार कंपनीने लिलाव झाल्यावर पूर्ण रक्कम भरून मालमत्ता सोडवायची तयारी दाखवली. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली: लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली, की मालमत्ता सोडवण्याचा हक्क संपतो. मालमत्ता लिलावातल्या खरेदीदाराकडे गेली.