पापणीचे औषध आणि डोक्यावरचे केस

पडद्यावर दिसणाऱ्या या छोट्या बाटलीतले औषध मुळात काचबिंदूच्या रुग्णांसाठी तयार झाले. बिमॅटोप्रॉस्ट हे त्याचे नाव. डोळ्यातला दाब कमी करणारे हे थेंब २००१ साली अमेरिकेत ‘ल्युमिगन’ या नावाने मान्य झाले, आणि ते नियमित घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्यांचे केस लांब, दाट व काळेभोर होत असल्याचे डॉक्टरांना आढळले. दुष्परिणाम म्हणून नोंदवलेल्या याच गुणावर अ‍ॅलर्गन कंपनीने पुढे काम केले, आणि डिसेंबर २००८ मध्ये तेच ०.०३ टक्क्यांचे द्रावण विरळ पापण्यांवरचा उपचार म्हणून, ‘लॅटिस’ या नावाने मान्य झाले. आता ते डोळ्यात न घालता वरच्या पापणीच्या कडेला लावायचे होते.

मग हेच औषध टक्कल पडलेल्या डोक्यावर का चालू नये?

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या व्हॅलरी रँडल यांनी सहकाऱ्यांसह या प्रश्नाचा शोध घेतला. हे औषध ज्यांच्यावर काम करते ते ग्राही, म्हणजे औषधाचा संदेश टिपणारे पेशींचे घटक, माणसाच्या डोक्यावरील केसांच्या मुळांतही असतात, असे त्यांना दिसले. प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेल्या मुळांतून केस अधिक वाढले आणि उंदरांच्या त्वचेवरही ते उगवले. या कामात औषध कंपनीचे शास्त्रज्ञही सहभागी होते, हे प्रेक्षकांना ठाऊक असायला हवे.

निष्कर्ष खरोखर आशादायक होते. परंतु प्रयोगशाळेत केसाचे मूळ औषधात थेट बुडालेले असते, तर डोक्यावर ते जाड त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असते, आणि तिथपर्यंत औषध पुरेशा प्रमाणात पोहोचवणे हीच खरी कसोटी आहे. शिवाय पापणीचा केस काही आठवडेच वाढतो, डोक्यावरचा मात्र कित्येक वर्षे. पुरुषी टकलात तर संप्रेरकांच्या प्रभावाने मुळे आक्रसत गेलेली असतात. कंपनीने स्त्रीपुरुषांवर चाचण्या घेतल्या, पण डोक्यावरील केसांसाठी बिमॅटोप्रॉस्टला मान्यता मिळालेली नाही. रक्तदाबाच्या गोळीतून आलेल्या मिनॉक्सिडिल या केसवाढीच्या औषधाला मात्र ती १९८८ मध्येच मिळाली होती.

केस गळण्याचे दुःख सोसणाऱ्या माणसाला हे थेंब डोक्याला लावून पाहावेसे वाटणे आम्ही समजू शकतो. तरीही लक्षात घ्यावे, की लॅटिसच्या बाटलीत जेमतेम तीन किंवा पाच मिलिलिटर द्रावण असते, आणि ते पापण्यांच्या दोन बारीक रेषांच्या हिशेबाने भरलेले असते.