किल्ली फिरवण्याआधीचे तास

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय ते लांब पल्ल्याचे ट्रक चालवणाऱ्यांशी, आणि तितकंच त्यांच्या घरच्या माणसांशी. रस्त्यावर किती राहायचं आणि घरी किती, हा प्रश्न या धंद्याइतकाच जुना. सगळे त्याचं उत्तर दिवसांत शोधतात. बारा दिवस बाहेर, दोन दिवस घरी, असं. माझं म्हणणं आहे की हा हिशेब तासांत मांडा. आणि तास मोजायला सुरुवात किल्ली फिरवल्यापासून करू नका, घरी डोळे उघडले तिथून करा. पुन्हा सांगतो, खेप सुरू होते ती घरी जाग आल्यावर, गाडीत बसल्यावर नाही.

दोन दिवसांची सुट्टी घ्या. शुक्रवारी संध्याकाळी सहाला घरात पाऊल, रविवारी संध्याकाळी सहाला बाहेर. झाले 48 तास. पहिली रात्र थकव्याची, 10 तास झोपेत जाणारच. दुसऱ्या रात्रीचे 8. रविवारी रात्रभर गाडी चालवायची आहे, म्हणून दुपारची 3 तासांची झोप हवीच. उरले 27. कपडे, कागदपत्रं, पैशांचे व्यवहार, अडलेली कामं, यात 5 तरी जातात. हातात राहिले 22 तास. खरं घर म्हणजे हे 22 तास. ते कमी वाटतात, म्हणून माणूस ते वाढवायला बघतो, आणि वाढवतो कुठून? झोपेतून. पोरांबरोबर आणखी एक तास, पाहुण्यांबरोबर आणखी एक. मनाला हे पटतं. शरीर मात्र ती उधारी लिहून ठेवतं आणि वसूल करतं पहाटे तीनला, स्टेअरिंगवर.

ही वसुली कशी होते ते एका घटनेतून सांगतो. ती जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आजचा सगळा विषय तिच्यात आहे.

साल 2014, जून महिना, अमेरिका. तिथला एक ट्रकचालक. त्याचं नाव आपल्याला नको. त्याचं घर जॉर्जिया राज्यात, आणि ज्या ठाण्यावरून गाडी घ्यायची ते ठाणं डेलावेअर राज्यात. मध्ये अंतर सुमारे 800 मैल, म्हणजे जवळजवळ 1300 किलोमीटर. हा माणूस रात्रभर स्वतःचं वाहन चालवत घरून ठाण्यावर आला. बारा तास. ठाण्यावर पोहोचला आणि 6 जूनच्या सकाळी अकराच्या सुमारास कामावर रुजू झाला. ट्रक ताब्यात घेतला, निघाला.

आता तिथला नियम ऐका. चालकाने आधी सलग 10 तास कामाबाहेर असलं पाहिजे. मग कामाला लागल्यापासून 14 तासांच्या मुदतीत त्याला जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते. नियम चांगला आहे. पण या चालकाचे आदले बारा तास कागदावर कसे दिसतात? कामाबाहेरचे. कारण तो कंपनीचा ट्रक चालवत नव्हता, स्वतःच्या वाहनाने कामावर येत होता. कागदावर तो सुट्टीवर होता आणि प्रत्यक्षात रात्रभर स्टेअरिंगवर होता. हे नीट लक्षात घ्या. कागदाचं घड्याळ ठाण्यावर सुरू झालं, शरीराचं घड्याळ त्याच्या कितीतरी आधी घरी सुरू झालेलं होतं.

दिवस सरला. संध्याकाळ झाली, रात्र झाली. मध्यरात्र उलटून जवळजवळ एक तास झाला होता. तारीख आता 7 जून. न्यू जर्सी टर्नपाइक हा तिथला मोठा महामार्ग, त्यावर क्रॅनबरी गावाजवळ रस्त्याचं काम चालू होतं. पुढे काम आहे, वेग कमी करा, अशा पाट्या आधीपासून लावलेल्या होत्या. वेगाची मर्यादा उतरवून ताशी 45 मैल केली होती, म्हणजे साधारण 72 किलोमीटर. पुढची वाहनं हळू झाली होती, रांग सरकत होती. ट्रक आला ताशी 65 मैलांनी, म्हणजे साधारण 105 किलोमीटरने. रांगेत एक मोठी व्हॅन होती. तिच्यात ट्रेसी मॉर्गन हा विनोदी अभिनेता आणि त्याचे सहकारी कार्यक्रम करून परतत होते. ट्रक त्या व्हॅनवर मागून आदळला. जेम्स मॅकनेअर हा विनोदी कलाकार त्यात गेला. मॉर्गनच्या मेंदूला जबर मार बसला, तो बराच काळ अंथरुणावर होता. मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते, हेही चौकशीत पुढे आलं. (मागच्या सीटवर पट्टा लागत नाही असं समजणारी माणसं सगळ्या देशांत आहेत. लागतो. ट्रकच्या केबिनमध्ये शेजारी बसणाऱ्यालाही लागतो.)

नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड ही तिथली अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था. तिने कागद काढले. कामावर रुजू झाल्यापासून अपघातापर्यंत किती वेळ झाला होता? 13 तास 32 मिनिटं. म्हणजे 14 तासांच्या आत. प्रत्यक्ष गाडी किती चालवली? साडेनऊ तासांच्या थोडं वर. म्हणजे 11 तासांच्या आत. कागद स्वच्छ. आणि माणूस सलग किती वेळ जागा होता? 28 तास.

बेरीज करून बघा. कामाचे साडेतेरा, घरून येण्याचे बारा, झाले साडेपंचवीस. उरलेले अडीच तास निघण्याआधीचे आणि ठाण्यावरचे. या 28 तासांत कामाच्या नोंदीत दिसतात ते साडेतेराच. अर्ध्याहून अधिक जागरण नोंदवहीच्या बाहेर झालं होतं.

आणखी एक गोष्ट चौकशीत निघाली. पाटीवर सांगितलेल्या वेगाने तो आला असता, तर धडक होण्याआधी गाडी थांबवता आली असती. पाट्या होत्या, दिवे होते, रस्ता होता. थकलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, पण पाटी दिसणं आणि पाय ब्रेकवर जाणं यांतला दुवा सैल होतो. वेग 72 ऐवजी 105 असला की ब्रेक लावल्यावर गाडी दुपटीहून जास्त अंतर घेते, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. आणि ब्रेक लागायलाच उशीर झाला, तर तो उशीर वेगळा मोजायचा. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे 89 मीटर गाडी आपली आपण गेली.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 साली हेच दुसऱ्या बाजूने मोजलं होतं. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढासळतो. 24 तासांनी तो 0.10 टक्क्यांच्या पातळीला जातो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपण थांबवतो. रात्रभर जागून आलेल्याच्या हातात मात्र किल्ली देतो, वर त्याला मेहनती म्हणतो. याचा मला मनापासून राग येतो.

तर, ही घटना मनात ठेवून घरचा हिशेब मांडू.

निघण्याआधीची झोप ही खेपेतली पहिली पायरी. सकाळी निघायचं असेल तर आदल्या रात्रीची 7 ते 8 तासांची झोप निघण्याच्या वेळेला लागून संपली पाहिजे. रात्री निघायचं असेल तर दुपारी दोन ते पाच झोपा. दुपारी दोन ते चार आणि पहाटे दोन ते पाच या वेळांत शरीर आपोआप मंदावतं, म्हणून दुपारची झोप सहज लागते आणि पहाटेची गाडी जड जाते. घरच्यांनी इथे साथ द्यायची: खोलीत अंधार, फोन दुसऱ्या खोलीत, मुलांना आधीच सांगून ठेवलेलं. घर ते ठाणं हे अंतर दोन तासांपेक्षा जास्त असेल, तर ते तास चालवण्याच्या तासांत धरा. धरा म्हणजे धराच, कोणी विचारो न विचारो.

वाटेत झापड आली तर काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याचा उपयोग काही मिनिटांपुरताच. गाडी सुरक्षित जागी लावायची, कॉफी प्यायची आणि लगेच 20 मिनिटं झोपायचं. कॉफी अंगात उतरायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकी झालेली असते. उठल्यावर पंधरा मिनिटं गाडी हलवू नका, डोकं तेवढा वेळ बधिर असतं. आणि घरी पोहोचायच्या आधीच्या सहा तासांत कॉफी नको, कारण पाच तासांनीही तिचा निम्मा अंमल अंगात असतो आणि घरची पहिली झोप ती खाते.

नियमांचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1979 सालचा 153 क्रमांकाचा करार सांगतो: सलग 4 तासांवर गाडी नको, दिवसाला 9, आठवड्याला 48, आणि रोज 10 तासांची सलग विश्रांती. युरोपात साडेचार तासांनी 45 मिनिटांची थांब घ्यावी लागते. आठवड्याची 45 तासांची नेहमीची सुट्टी केबिनमध्ये काढायला तिथे मनाई आहे. 2020 पासून तर मालकाने कामाची आखणी अशी करायची आहे की चालकाला चार आठवड्यांत एकदा तरी घरी जाता येईल. घरी जाणं हा कायद्याचा विषय झाला, मालकाच्या मेहरबानीचा राहिला नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. तसंच महामार्गांना नव्या मार्गिका जोडण्याआधी त्यांच्या कडेला ट्रक लावायला उजेडाची जागा, न्हाणीघर आणि शौचालय झालं पाहिजे. चालक महिला असेल तर याची गरज दुप्पट. असो, घराकडे वळू.

घरचे तास वाटेत सर्वात जास्त कुठे जातात? वेग कमी पडला म्हणून नाही. 400 किलोमीटर सरासरी 70 ने गेलात तर 5 तास 43 मिनिटं, 80 ने गेलात तर 5 तास. वाचली 43 मिनिटं, आणि ब्रेकचं अंतर वाढलं तीस टक्क्यांनी. माल उतरवायला नंबर लागत नाही, तिथे मात्र अख्खा दिवस उभं राहावं लागतं. या उभ्या तासांचे पैसे चालकाला मिळालेच पाहिजेत. ते मिळत नाहीत म्हणूनच तो पुढे रात्र जागून भरपाई करतो. म्हणून घराआधीची शेवटची खेप घेताना भाड्याइतकंच हे विचारा: गाडी कुठे खाली होणार, किती वाजता, वेळ ठरवून दिली आहे का. घरात लग्न असेल, परीक्षा असेल, ऑपरेशन असेल, तर रजा तीन आठवडे आधी लेखी मागा. आणि मागताना त्या दिवसाची नव्हे, आदल्या दिवसाची मागा.

गाडीची कामं घरच्या दिवसांवर ढकलू नका. घरी पोहोचायच्या एक मुक्काम आधी गाडीभोवती फिरून टायर, दिवे, हवेची गळती बघा आणि जे निघेल ते वाटेतच करून घ्या. एखादं चाक बदललं असेल तर 50 ते 100 किलोमीटरवर त्याचे नट पुन्हा आवळा. ते राहिलं तर सुट्टीत मन गाडीपाशीच राहतं.

रात्रभर चालवून सकाळी घरी आलात तर दिवसभर झोपू नका. गजर लावून दीड ते तीन तास झोपा, मग उठून उजेडात या, आणि रात्री सगळ्यांबरोबर झोपा. दिवसभर झोपलात तर रात्री जागे राहाल, आणि सुट्टीचा दुसरा दिवसही गेला. पहिल्या दिवशी घराची शिस्त बदलायला जाऊ नका. तुम्ही नसताना ते घर कोणीतरी चालवत होतं, त्याच्या काही वेळा आणि पद्धती बसल्या आहेत. त्या आधी समजून घ्या. पैशाचे आणि शाळेचे निर्णय एका वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, झोप झाल्यावर, एकत्र बसून त्यावर बोला. निघायच्या दारात ते काढू नका. भांडण डोक्यात घेऊन गाडी चालवणं वाईट.

फोन रोज ठरलेल्या वेळी, गाडी उभी असताना. हात मोकळे ठेवून बोललं तरी लक्ष बोलण्यात जातंच. घरच्यांशी एक खूण ठरवा: लागोपाठ तीन वेळा रिंग आली तर अडचण आहे, जागा बघून गाडी लावायची आणि फोन करायचा. एकच रिंग आली तर पुढच्या थांब्यावर बोलू. ही खूण ठरली की चालत्या गाडीत फोनकडे हात जात नाही, आणि घरीही कोणी उचलला नाही म्हणून जीव टांगणीला लागत नाही.

शेवटचं लहान मुलांसाठी. बाबा दहा तारखेला येणार, किंवा आई दहाला येणार, असं सांगून अकरा उजाडली की मूल पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका तारखेला गोल करू नका. दहा ते बारा असा पट्टा मुलाच्याच हाताने रंगवून घ्या. रोजच्या फोनवर विचारा, आज पट्ट्यापर्यंत किती चौकोन उरले. नवाला लवकर पोहोचलात, तर तो चौकोनही त्यालाच रंगवू द्या.