वेळेवर निघून जाणारं प्लास्टिक

[दृश्य: काचेच्या बशीत मिठाचे कण, अगदी जवळून]

आज बनवायचाय स्कॅफोल्ड, म्हणजे शरीरात नवी ऊती वाढावी म्हणून पेशींना आधार देणारा सच्छिद्र सांगाडा. हे साधं मीठ आहे. चाळण्या लावून २५० ते ४२५ मायक्रोमीटर आकाराचे कण तेवढे वेगळे काढलेत. त्यावर आता पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळ्यांच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचं, द्रावण ओतायचं. पॉलिमर आहे पॉलिकॅप्रोलॅक्टोन, सगळे त्याला पीसीएल म्हणतात, आणि ते विरघळवलंय क्लोरोफॉर्ममध्ये. क्लोरोफॉर्ममध्ये पीसीएल विरघळतं, मीठ विरघळत नाही. सगळी मेख इथेच आहे.

[दृश्य: फ्यूम हूडखाली सुकणारी पांढरी चकती, मग ती पाण्यात]

क्लोरोफॉर्म उडून गेलं की पांढरी, टणक चकती हाती येते. ती पाण्यात टाकायची आणि दिवस-दोन दिवस पाणी बदलत राहायचं. मीठ निघून जातं. जिथे कण होता तिथे पोकळी उरते. मीठ भरपूर असेल, वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास, तर कण एकमेकांना टेकतात आणि पोकळ्या एकमेकींत उघडतात. हात आखडता घेतला, तर काही कण पॉलिमरच्या आत कायमचे कोंडून राहतात.

एवढा खटाटोप पोकळीसाठी? हो. पेशींना चिकटायला पृष्ठभाग लागतो, पसरायला जागा लागते. शरीरात बहुतेक पेशींपासून सर्वांत जवळची केशवाहिनी साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच्या आत असते; त्याहून लांब ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही. हाडासाठीच्या स्कॅफोल्डमध्ये छिद्रं किमान १०० मायक्रोमीटरची हवीत, ३०० च्या पुढे असली तर रक्तवाहिन्यांना आत शिरायला सोपं जातं. छिद्रं बारीक राहिली की पेशी वरच्या वर थर धरतात आणि गाभा रिकामाच राहतो.

[दृश्य: सिरिंजची सुई, टोकाशी थेंब, समोर धातूचा पत्रा]

दुसरी पद्धत दिसायला जास्त नाट्यमय. सुईला दहा-वीस हजार व्होल्ट जोडले की टोकावरचा थेंब ओढला जाऊन शंकूसारखा होतो. जी. आय. टेलर यांनी १९६४ मध्ये या शंकूचं गणित मांडलं, म्हणून तो टेलर शंकू. शंकूच्या टोकातून बारीक धार सुटते, हवेत सापासारखी वळवळते, वाटेतच सुकते आणि पत्र्यावर धाग्यांची जाळी साचते. हे इलेक्ट्रोस्पिनिंग. धाग्यात मणी दिसू लागले, तर बहुधा द्रावण पातळ झालंय.

ही जाळी सूक्ष्मदर्शकाखाली इतकी देखणी दिसते, की शोधनिबंधांत तिचे फोटो हवे तेवढे सापडतात. पण धागे दाट बसले की पेशी आत शिरत नाहीत, हे त्या फोटोंतून कळत नाही. फिरत्या ड्रमवर धागे एका दिशेत गोळा केले, तर चेतातंतूसाठी किंवा स्नायुबंधासाठी तिचा खरा उपयोग होतो. पेशी धाग्याची दिशा धरून वाढतात.

[दृश्य: पातळ कोलॅजेनचा स्पंज, चिमट्यात]

स्कॅफोल्ड म्हणजे पेशींसाठी बांधलेली परांची. काम झालं की उतरायलाच हवी, आणि अवघड भाग इथून सुरू होतो. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लाचे घटक समसमान जोडून केलेलं पॉलिमर, पीएलजीए, साधारण एक-दोन महिन्यांत विघटित होतं. पीसीएलला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात. पाणी पॉलिमरच्या साखळीतले दुवे, म्हणजे एस्टर बंध, तोडतं, आम्ल तयार होतं. तुकडा जाड असेल तर ते आम्ल आत अडकतं आणि विघटनाचा वेग वाढवतं. बाहेरून धड दिसणारा तुकडा आतून पोखरलेला असतो. कालावधी पॉलिमरचा नाही, ऊतीचा पाहून ठरवायचा.

हे गणित पहिल्यांदा नीट जमवणाऱ्यांत शल्यचिकित्सक जॉन बर्क आणि एमआयटीचे इओअॅनिस यानास यांचं नाव घ्यावं लागेल. १९८१ मध्ये त्यांनी भाजलेल्या रुग्णांवर वापरलेल्या स्पंजमध्ये गाईच्या कातड्यातलं कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट होतं, वर सिलिकॉनचा पापुद्रा. पेशी एकही नाही. रुग्णाच्याच पेशी आत शिरत, आतली त्वचा तयार होई. मग सिलिकॉन सोलून त्यावर त्वचेचं पातळ कलम लावत. गाजला मात्र १९९७ चा पाठीवर कान असलेला उंदीर. तो कान माणसाचा नव्हता. कानाच्या आकाराच्या पॉलिमर जाळीवर वाढवलेली गाईची कूर्चा होती.

घाईची किंमतही मोजली गेली आहे. २०११ मध्ये स्टॉकहोममध्ये कृत्रिम पॉलिमरची श्वासनलिका मूळ पेशी (स्टेम सेल) लावून रुग्णात बसवली गेली. तिथे अशी शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले, आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने शल्यचिकित्सकाला दोषी ठरवलं. निर्जीव नळीला रक्तपुरवठा कुठून मिळणार, या प्रश्नाचं उत्तर प्राण्यांवरच्या पुरेशा प्रयोगांतून आधी मिळवायला हवं होतं.

[दृश्य: बंद पाकिटातला स्कॅफोल्ड, गॅमा किरणांच्या कक्षाकडे जाताना]

सगळं जमून आलं, तरी निर्जंतुकीकरण उरतंच. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं, तापमान १२१ अंश सेल्सिअस. पीसीएल साठच्या आसपासच वितळतं. इथिलीन ऑक्साइड हा जंतुनाशक वायू वापरला तर त्याचा अंश आत राहणार नाही, हे तपासावं लागतं. गॅमा किरणांनी पीएलजीएच्या साखळ्या तुटतात आणि ते ठरल्यापेक्षा लवकर विरघळतं. म्हणून स्कॅफोल्डची ताकद आणि विघटनाचा वेग निर्जंतुकीकरणानंतर मोजायचा. आधी मोजलेले आकडे शरीरात जाणाऱ्या वस्तूचे नसतात.